नेत्रभिंगाच्या काठिण्याचा शोध

वयाच्या चाळिशीत बहुतेकांना वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते, आणि एकदा चष्मा मिळाला की तो विषय तेथेच संपला असे आपण समजतो. वस्तुतः या नित्याच्या अनुभवामागील प्रश्न नेत्रवैद्यकाइतकाच यंत्रशास्त्राचाही आहे. बुबुळामागचे, जेमतेम 9 ते 10 मिलिमीटर व्यासाचे भिंग हे पाणी आणि प्रथिने यांनी भरलेल्या तंतुपेशींचे बनलेले असते. जवळचे पाहताना भोवतालचा स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे सूक्ष्म धागे सैल होतात, आणि स्थितिस्थापक आवरणाच्या दाबाने भिंग अधिक फुगीर होते. अर्थात, आतील द्रव्य मऊ असेल तरच.

टॉमस यंग या इंग्रज पंडिताने 1800 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे यासंबंधीचे आपले प्रयोग मांडले. स्वतःच्या डोळ्यावर पाण्याची नळी लावून त्याने बुबुळावरील पारदर्शक पटलाची प्रकाश वळवण्याची शक्ती निष्प्रभ केली, नेत्रगोलाला दाबून त्याची लांबी वाढू नये असा बंदोबस्त केला, आणि तरीही जवळचे दिसतेच असे पाहून, बदल भिंगातच घडतो असा निर्णय दिला. पदार्थाची ताठरता ज्या गुणांकाने सांगतात तो याच यंगच्या नावाने ओळखला जातो, आणि पुढे तोच त्या भिंगाला लावला गेला, हा योगायोग मला फार मनोहर वाटतो.

परंतु लावावा कसा? पोलादाची तार चिमट्यात धरून ताणता येते. नेत्रभिंग धरू गेले की पकडीनेच त्याचा आकार बिघडतो, पाण्यात ठेवले तर ते फुगते, आणि गोठवून ठेवले तर त्याची मूळची ताठरता राहीलच याची शाश्वती नसते. लंडनच्या फिशर या संशोधकाने 1971 साली प्रसिद्ध केलेली युक्ती म्हणूनच असामान्य म्हटली पाहिजे. त्याने भिंग कुंभाराच्या चाकावरील गोळ्याप्रमाणे एका लहानशा बैठकीवर ठेवून मिनिटाला 1000 फेऱ्यांपर्यंत फिरवले. केंद्रोत्सारी प्रेरणेने त्याची कड बाहेर सरकते व मध्य चपटा होतो. ते क्षणदीप्तीच्या प्रकाशात टिपलेल्या छायाचित्रांवरून मोजायचे, आणि त्यावरून ताठरतेचे गणित मांडायचे. भिंगाला ताणणारा चिमटा नाही की दाबणारी सुई नाही. प्रत्येक कणावर प्रेरणा पडते ती त्याच्याच वस्तुमानामुळे.

तथापि फिशरने भिंग आवरणासकट फिरवले होते, आणि गणितात सोपी गृहीतके धरली होती. ऑक्सफर्डच्या बर्ड, वाइल्ड आणि जज यांनी 2006 मध्ये तो हिशेब पुन्हा तपासला, आणि 2012 मध्ये आवरण काढून टाकलेली भिंगे त्याच पद्धतीने फिरवून नवे आकडे दिले. पूर्वसूरींची युक्ती शिरोधार्य मानून त्यांचा हिशेब दुरुस्त करणे, ही शास्त्रातील सर्वांत सभ्य टीका होय असे माझे मत आहे.

दरम्यान 2004 साली ऑस्ट्रेलियातील हेज, क्रॅम आणि ट्रस्कॉट यांनी भिंगाच्या छेदात बारीक टोक खुपसून, त्याला हलके आंदोलन देऊन, जागोजागची ताठरता मोजली. तरुणपणी भिंगाचा गाभा बाहेरच्या थरापेक्षा मऊ असतो. उतारवयात हा क्रम उलटतो, आणि चौदाव्या वर्षापासून पंचाहत्तरीपर्यंत गाभ्याची ताठरता सहस्रपटीच्या घरात वाढते. गाभ्यातील तंतू जन्मापूर्वीचे असतात. त्यांच्याकडे रक्तवाहिनी जात नाही, त्यांतील प्रथिने बदलली जात नाहीत. म्हणून अवघ्या भिंगाला एकच आकडा देणे भ्रामक ठरते.

जिवंत डोळ्यातील भिंग तपासण्यासाठी अलीकडे ब्रिलूँ प्रकीर्णनाचा अवलंब होतो: परतणाऱ्या लेसर प्रकाशाच्या कंप्रतेतील सूक्ष्म फरकावरून ताठरतेचा अंदाज घेतात. मात्र यातून मिळणारा गुणांक अब्जावधी पास्कलच्या मापाचा, तर फिरत्या भिंगाचा फार तर काही हजार पास्कलचा. एक अतिजलद कंपनांना होणारा विरोध सांगतो, तर दुसरा सावकाश आकार बदलण्याला. पहिल्यावरून दुसरा थेट काढता येत नाही.

यास्तव दान केलेल्या डोळ्यांवाचून हे संशोधन आजही पुढे सरकत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या मुदतीत डोळे नेत्रपेढीकडे पोहोचले, तर पारदर्शक पटलाने एखाद्या अंधाला दृष्टी मिळू शकते, आणि नातेवाइकांची संमती असेल तर मागे उरलेले भिंग प्रयोगशाळेच्या कामी येते. वाचकांनी आपली इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवावी.