बोट पुढच्या सुरासाठी

टॅब पाहून गिटार वाजवणाऱ्याला तार कोणती आणि फ्रेट कितवी, एवढं कळतं. बोट कोणतं, हे त्यात बहुतेक वेळा नसतं. पाश्चात्त्य नोटेशनच्या पुस्तकांत सुराशेजारी १ ते ४ असे बारीक आकडे असतात. तर्जनी १, करंगळी ४. पण नाशिकला गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मोबाइल उशीला टेकवून शिकणारे माझ्यासारखे लोक टॅबवरच भागवतात. मग बोटं आपली आपणच ठरवावी लागतात.

जी मेजर कॉर्ड घ्या. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसरी फ्रेट, पाचव्या तारेवर दुसरी, पहिल्या तारेवर तिसरी. मधलं बोट, तर्जनी, अनामिका अशी लावली की हाताला लगेच बरं वाटतं. पंचाईत होते ती सी मेजरला जाताना. तिन्ही बोटं उचलून नव्याने बसवावी लागतात. तीच जी अनामिका, मधलं बोट आणि करंगळी यांनी धरा. आता अनामिका आणि मधलं बोट जोडीने एकेक तार खाली उतरतात, करंगळी सुटते आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर येते. पुढे सीवरून ए मायनरला जायचं तर एकटी अनामिका हलते. करंगळी सुरुवातीला कुरकुरते, पण पुढच्या दोन्ही कॉर्ड सोप्या होतात.

सुरावटीतही हिशोब हाच. यमन पांढरी एकमध्ये घेतला तर रे, प आणि नि मोकळ्या तारांवर आयते मिळतात. पण मोकळ्या तारेवर मींड घेता येत नाही. म्हणून हात दुसऱ्या फ्रेटपाशी बसवायचा. दुसरी फ्रेट तर्जनीची, तिसरी मधल्या बोटाची, चौथी अनामिकेची, पाचवी करंगळीची. पाचव्या तारेवर मंद्र नि तर्जनीने, सा मधल्या बोटाने, रे करंगळीने. चौथ्या तारेवर ग तर्जनीने, तीव्र म अनामिकेने, प करंगळीने. तिसऱ्या तारेवर ध, नि आणि वरचा सा याच तीन बोटांनी. ‘नि रे ग म’ म्हणजे १-४-१-३. तीव्र ‘म’वरून ‘प’कडे तार खेचताना अनामिकेला मागून मधलं बोट आणि तर्जनी टेकू देतात. गाणाऱ्याने पांढरी दोन मागितली तर हात दोन फ्रेट पुढे न्यायचा. बोटं तीच राहतात.

हाताच्या मापाचा प्रश्न खरा आहे, पण तो जागेवर अवलंबून असतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या चार फ्रेट मिळून सुमारे १३४ मिलिमीटर जागा घेतात. नवव्या ते बाराव्या फ्रेटला ८४ पुरतात. नाशिकच्या जानेवारीत सकाळी बोटं आखडलेली असतात, तेव्हा मी चार बोटांचा सराव वर, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी सुरू करतो आणि हात मोकळा झाला की खाली येतो. व्हिडिओतल्या वादकाचा पंजा मोठा असेल तर त्याचं बोट पोचतं तिथे तुमचं पोचेलच असं नाही.

एकच बरोबर पद्धत असते असंही नाही. १९२८ साली आगीत जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी निकामी झाल्यासारखी झाली. त्यानंतर एकल वादनाचा भार त्याने मुख्यतः तर्जनी आणि मधल्या बोटावर पेलला. आपले सतारियेही प्रामुख्याने हीच दोन बोटं वापरतात, पण ते तारेच्या लांबीवरून पुढेमागे धावतात. गिटारवर एका तारेवरून दुसरीवर जाणं जास्त, म्हणून तिथे चारही बोटं कामाला येतात.

तेव्हा वाजवण्याआधी टॅबखाली पेन्सिलीने बोटांचे आकडे लिहा आणि ओळ हातात बसेपर्यंत ते बदलू नका. तरीही एखाद्या सुराशी अडलात, तर त्या सुराचं नव्हे, त्याच्या आधीच्या सुराचं बोट बदलून पाहा.