रुंद ठशाचीं अक्षरें

छापील अक्षर दुरून वाचतां यावें म्हणून तें जाड करावें, हा उपाय कोणासही प्रथम सुचतो. परंतु रेषा जाड होऊं लागली म्हणजे ती अक्षराच्या आंतील मोकळी जागाही व्यापूं लागते. मराठी वाचकास हें सहज पटेल. 'ब' व 'व' यांतील, तसाच 'ष' व 'प' यांतील भेद केवळ एका तिरप्या रेघेचा आहे. अक्षराचें पोट शाईनें भरलें कीं तो भेद नाहींसा होतो आणि ठळक छापलेला शब्दच वाचकास अडखळवितो.

रोमन लिपीच्या ठसेकारांनीं यावर योजिलेला एक उपाय असा, कीं अक्षर जाड करतांना तें आडवें ताणावयाचें. रुंदी वाढल्यानें पोट मोकळें राहतें आणि रेषेस हवा तितका भार देतां येतो. या अक्षरांच्या टोकांस जे बारीक आडवे फाटे असतात त्यांस 'सेरिफ' म्हणतात. असे फाटे वगळलेला छपाईचा ठसा लंडनच्या कॅस्लन ओतशाळेनें १८१६ च्या सुमारास प्रथम दाखविला. बिनफाट्यांच्या अक्षरास जाडी व रुंदी यांची जोड मिळाली, तेव्हां पाटीस व जाहिरातीस योग्य असा ठसा तयार झाला.

या जातीचा एक नामांकित ठसा इटलींतील आहे. तुरिन शहरच्या नेबिओलो या खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठीं अलेस्सांद्रो बुत्ती व आल्दो नोव्हारेझे यांनीं १९५२ सालीं 'मायक्रोग्रामा' सिद्ध केला. त्यांतील 'ओ' वर्तुळ नव्हे आणि चौकोनही नव्हे; कोपरे गोलावलेली ती एक चौकट आहे. टेलिव्हिजनच्या जुन्या पडद्याचा आकार तिच्यांत सहज दिसतो. या ठशांत केवळ कॅपिटल अक्षरें, आंकडे व विरामचिन्हें होतीं. १९६२ सालीं नोव्हारेझे यांनीं स्मॉल अक्षरांची भर घालून 'यूरोस्टाइल' हा ठसा तयार केला.

यंत्रांच्या कळांशेजारील अरुंद पट्ट्यांवर अशीं अक्षरें फार उपयोगी पडतात. पट्टीस उंची थोडी व लांबी पुष्कळ असते. कॅपिटल अक्षरांचें शेपूट सहसा खालीं लोंबत नसल्यानें ती सारी उंची त्यांस मिळते. यंत्रयुगाचें द्योतक म्हणूनही हा ठसा लोकांच्या मनांत ठसला. स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटांत अंतराळयानांतील मजकुरासाठीं यूरोस्टाइलचा जाड व रुंद प्रकार वापरला आहे.

मात्र या ठशास मर्यादा आहेत. एका ओळींत अक्षरें थोडीं मावतात व डोळ्यांस दूरवर सरकावें लागतें. म्हणून दोन-चार शब्दांपलीकडे तो शिणवितो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सर्व वळणें चौकटीकडे झुकल्यानें 'ओ', 'डी' व शून्य, तसेंच 'बी' व आठाचा आंकडा हे एकमेकांसारखे दिसूं लागतात. दुकानाच्या नांवांत वाचक संदर्भानें अक्षर ओळखतो. यंत्राच्या क्रमांकास असा संदर्भ नसतो, आणि तेथें एका आंकड्याची चूक महागांत पडते. यास्तव नांव, मथळा व संक्षिप्त सूचना यांसाठीं हा ठसा खुशाल योजावा. जेथें अक्षरें व आंकडे मिसळून येतात तेथें जुळाऱ्यानें दुसऱ्या ठशाच्या घरांत हात घालावा.