गिनीपिगचे पुढचे दात तुटले तर

या पानावर आम्ही एरवी माणसांच्याच दुखण्यांविषयी लिहितो. पण वस्तीतल्या काही घरांत आता कोंबड्या-मांजरांच्या जोडीला गिनीपिगही आहेत. मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईतून, म्हणजे आपल्या क्रॉफर्ड मार्केटमधून, मुले हट्ट करून ते घरी आणतात. दहा बाय दहाच्या खोलीत हा जीव मुलांच्या मांडीवरून, खाटेवरून किंवा पोटमाळ्यावरून पडतो आणि त्याचे पुढचे दात तुटतात. पिंजऱ्याची तार सतत चावल्यानेही तुटतात. माणसाचा पक्का दात तुटला की परत येत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटते, आता हे काही जगत नाही.

तसे नाही. गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्याच्या तोंडात एकूण 20 दात असतात. पुढे वर दोन आणि खाली दोन पटाशीचे, मग मोकळी जागा आणि मागे दाढा. पटाशीचा दात मधूनच तुटला असेल आणि मुळाला धक्का लागला नसेल, तर साधारण दोन ते तीन आठवड्यांत तो पुन्हा कामाच्या लांबीचा होतो. तोवर पोट रिकामे राहिले तर मात्र जनावर दगावते. गिनीपिगचे आतडे सतत चालू लागते. बारा तास त्याने काहीच खाल्ले नाही तर काळजी करावी, आणि दिवसभर उपाशी राहिला तर जीव धोक्यात आला असे समजावे. म्हणून दातापेक्षा पोटाकडे आधी बघा.

पहिल्या दिवशी तोंड उजेडात नीट पाहा. थोडे रक्त असेल तर स्वच्छ कापसाने हलके दाबून धरा, बहुधा थांबते. दात हिरडीलगत तुटला असेल, तुटलेल्या टोकाला लाल ठिपका दिसत असेल, दात हलत किंवा वाकडा असेल, जबडा सुजला असेल, तर घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. हनुवटी लाळेने ओली राहणे, घास तोंडात घेऊन खाली टाकणे, डोळ्यातून पाणी येणे ही मागच्या दाढा बिघडल्याची खूण असू शकते, आणि दाढा आपल्याला बाहेरून दिसत नाहीत.

आता खाण्याचे. गिनीपिग पटाशीने घास तोडतो आणि दाढांनी दळतो. पटाशी गेली तर तोडण्याचे काम आपण करायचे, दळण्याचे तो स्वतः करतो. गाजर, काकडी, ढोबळी मिरची यांच्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक लांब फोडी करा. कोथिंबीर देठासकट द्या. गवत कात्रीने बोटभर कापा. ही काडी तोंडाच्या समोरून न देता बाजूने, ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, तो दाढेने ओढून घेतो. हिरवे गवत कुत्री फिरतात तिथले घेऊ नका, आणि कुठलेही असले तरी धुऊन द्या. वाळलेले गवत मात्र रोज हवेच, त्याशिवाय दाढा झिजत नाहीत. भाताचा पेंढा म्हणजे गवत नव्हे, त्यात कस नसतो. चपाती, पाव, बिस्कीट, दूध, भात, बटाटा, कांदा, लसूण यांतले काहीही देऊ नका. घरात उरलेले घालायची आपली सवय असते, पण या जनावराच्या पोटाला ते चालत नाही. बाटलीतून पाणी पिता येत नसेल तर जड वाटीत ठेवा.

इतके करूनही तो खात नसेल तर भरवावे लागते. मेडिकलमधून सुई नसलेली 1 मिलीची सिरिंज आणा. गिनीपिगसाठी मिळणारे दाणे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून कुस्करा आणि सिरिंजमधून उतरेल अशी पातळ लापशी करा. जनावराला जुन्या ओढणीत गुंडाळून मांडीवर सरळ बसवा. उताणे कधीही धरू नका, घास फुप्फुसात जातो. सिरिंज पटाशीच्या मागच्या मोकळ्या जागेतून बाजूने घाला, अर्धा मिली सोडा, त्याने चावून गिळले की पुढचा. घाई केली की ठसका लागतो. दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि रात्री एक-दोनदा असे चालू ठेवा. आई कामावर, बाबा कामावर अशा घरात हे अवघड आहे याची आम्हाला कल्पना आहे. शाळेतून आलेली दहा-बारा वर्षांची मुलगी एकदा शिकली की मोठ्यांपेक्षा चांगले भरवते, फक्त पहिल्यांदा मोठ्याने शेजारी बसावे.

आणि वजन करा. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर आपली टोपली ठेवून रोज एकाच वेळी वजन घ्या आणि वहीत लिहा. मोठा गिनीपिग 700 ग्रॅम ते सव्वा किलोपर्यंत भरतो. वजन 50 ग्रॅम उतरले तर भरवणे वाढवा आणि डॉक्टरला कळवा, 100 ग्रॅम उतरले तर उशीर करू नका. नुसत्या नजरेला हे कळत नाही, केसांखाली हाडे लपतात. लेंड्याही पाहा. त्या कमी आणि बारीक होऊ लागल्या तर पोटात काही जात नाही हे नक्की.

औषधाच्या बाबतीत आम्ही हात जोडून सांगतो, घरात उरलेली गोळी देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, पेनिसिलिन ही आपल्या मुलांना सर्रास मिळणारी औषधे गिनीपिगला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विष तयार करणारे जंतू माजतात आणि थोड्याच दिवसांत जनावर मरते. दात तुटून मेला असे घरचे समजतात, प्रत्यक्षात तो औषधाने मेलेला असतो. पॅरासिटामॉलचा तुकडा, लवंगेचे तेल हेही नको. दुखणे कमी करायचे औषध डॉक्टर त्याच्या वजनाला बेतून देतात. तसेच वेडावाकडा वाढलेला दात नेलकटरने कापू नका. दात उभा चिरत मुळापर्यंत जातो आणि तिथे पू होतो. दात समान करायचे काम डॉक्टरच्या यंत्राचे आहे.

दात का तुटला याचा विचार करताना पडणे हे एक कारण झाले. दुसरे कारण ताटातले आहे. कुणावर नवा प्रयोग झाला की आपण म्हणतो, आम्हाला गिनीपिग केले. त्या म्हणण्यामागे खरा इतिहास आहे. 1907 मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग झाला. कारण माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते मिळाले नाही तर दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजतात, दात ढिले आणि कमजोर होतात, सांधे दुखतात, जनावर हलायला नकार देते. सशाच्या दाण्यांवर वाढवलेल्या गिनीपिगचे असेच होते, कारण ससा हे जीवनसत्त्व स्वतः तयार करतो आणि त्याच्या दाण्यांत ते घालत नाहीत. रोज ढोबळी मिरचीचा पाव भाग दिला तरी गरज भागते. आठवड्यातून एक-दोनदा पेरूचा छोटा तुकडा चालतो. उरलेली मिरची आणि पेरू मुलांना द्या, त्यांनाही तेच हवे आहे.

उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली तापते. आजारी गिनीपिगला ती उष्णता सोसत नाही, म्हणून टोपली जमिनीवर, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवा. हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर केस गेलेले खरखरीत चट्टे दिसले तर गजकर्ण असू शकते आणि ते मुलांना लागते.

डॉक्टरकडे जाण्याआधी विचारून घ्या की ते ससे-गिनीपिग बघतात का, कारण बरेच जण गाई-म्हशी किंवा कुत्र्या-मांजरांचेच बघतात. मुंबईत परळला प्राण्यांचे बाई साकरबाई रुग्णालय आहे, नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतरत्र जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. जाताना वजनाची वही आणि तो खात असलेले दाणे सोबत न्या.

दात वाढत असताना दर दोन-तीन दिवसांनी समोरच्या दाताकडेही लक्ष असू द्या. वरचा तुटला की खालच्याला घासायला जोडीदार उरत नाही, तो वाढत जाऊन टाळूला टोचू लागतो. तीन आठवड्यांनी चारही दात एकमेकांना नीट भिडत असतील आणि तो अख्खी काकडी स्वतः कुरतडत असेल, तर फोडी करणे थांबवा. वजन मात्र पुढेही आठवड्यातून एकदा करत राहा.