पाखरांचा हजेरीपट

पाणपक्षी पाहणे हा रिकाम्या वेळेचा शौक, असा समज पुष्कळांचा असतो. आम्हांस तो मान्य नाही. एकाच पाणथळीवर नेमाने जाऊन पक्षी मोजणे हे लोकोपयोगी काम आहे, आणि त्याला पदवी लागत नाही.

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला, तो शेतीसाठी. नद्यांनी गाळ आणला, पाणी उथळ झाले. साठवणीच्या हिशेबी हा तोटाच. पण त्याच गाळात पाणवनस्पती, शिंपले, किडे वाढले आणि हिवाळी पाहुण्यांचे पान मांडले गेले. तलवार बदक शेपूट वर करून तळ चाचपते. फूट-दीड फुटापलीकडचा तळ त्याला दुर्लभ. थापट्या फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळून खातो. कपाळी पांढरा टिळा असलेला वारकरी बुडी मारतो. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. म्हणजे कालव्यांना पाणी किती सुटले, यावर कोणाचे पोट भरणार हे ठरते.

हे स्थळ १९८६ साली अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीतील महाराष्ट्राची पहिली पाणथळ म्हणून ते जाहीर झाले. तेथे पक्ष्यांच्या २६५ जातींची नोंद आहे. पण पाटी लागली म्हणजे हक्क पदरात पडला असे नव्हे, हे कामगाराला सांगावे लागत नाही. हक्काला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे हजेरीपट.

तो असा ठेवावा. जागा तीच, वेळ तीच. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजावेत, तेवढ्या घोळक्याचा अंदाज डोळ्यांत बसवावा आणि त्या मापाने थवा मोजावा. तारीख, वेळ व पाण्याची पातळी लिहावी. एकही पक्षी दिसला नाही, तर शून्य लिहावे. हजेरीपटात गैरहजेरीच अधिक बोलते. कोरे पान मात्र कोणाचीच बाजू मांडत नाही.

१९८७ पासून आशियातील पाणपक्ष्यांची गणना दर जानेवारीत होते, तीत अशा हौशी माणसांच्या वह्यांचा मोठा वाटा आहे. आपल्या गावाजवळही एखादा तलाव असेल. त्याची वही कोणी ठेवली आहे काय? नसल्यास ती आपण ठेवावी.