ज्वारीच्या मुळाशी, संत्र्याच्या फांदीवर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि दगडफेकीची गोटमार सुरू होते. ज्वारीच्या रानात तिच्या मुळांवर जगणारा टारफुला असेल तर तोही याच सुमारास डोकं वर काढतो. वीतभर उंची, बारीक पांढरी फुलं. शेतकऱ्याला तो दिसतो तोवर जमिनीखाली नुकसान होऊन गेलेलं असतं. ओल असूनही ज्वारी सुकल्यासारखी दिसते आणि दोष पावसाच्या माथी जातो.

टारफुल्याचं बी जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचं. एका झाडाला ते हजारोंनी धरतं आणि मातीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. शिदोरी मात्र काही दिवसांचीच असते. उगवल्यावर चार-पाच मिलिमीटरच्या आत मूळ सापडलं नाही तर खेळ संपला. म्हणून नुसत्या पावसाने ते उगवत नाही. जवळच्या मुळातून पाझरणाऱ्या रसायनाची वाट पाहतं.

हे तण १९५६ साली अमेरिकेच्या कॅरोलिना भागात मक्यात सापडलं. त्यानंतरच्या शोधात १९६६ साली ते रसायन वेगळं काढण्यात आलं. त्याचं नाव स्ट्रिगॉल. गंमत अशी की ते मिळालं कपाशीच्या मुळांतून, आणि कपाशीवर टारफुला जगूच शकत नाही! मग पऱ्हाटीने ते सोडावं कशाला? उत्तर यायला चाळीस वर्षं गेली. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की या गटातली रसायनं म्हणजे मातीतल्या उपकारक बुरशीला घातलेली साद आहे. ही बुरशी पिकाला स्फुरद मिळवून देते. स्फुरद कमी पडलं की अनेक पिकांची मुळं ही साद वाढवतात आणि चोर ती ऐकतो. हलक्या, भुकेल्या जमिनीत टारफुला माजतो त्यामागचं हे एक कारण.

मुळाला चिकटल्यावर तो शोषकांगाने पिकाच्या जलवाहिन्यांत शिरतो आणि स्वतःच्या पेशींत मॅनिटॉल नावाची साखर साठवतो. त्यामुळे पाण्याची ओढ कायम त्याच्याच बाजूला राहते.

संत्र्यावरच्या बांडगुळाची तऱ्हा वेगळी. त्याची पानं हिरवी, म्हणजे अन्न बरंचसं घरचं. पाणी आणि क्षार मात्र झाडाचे. अशा वनस्पतींची पानं यजमानापेक्षा जास्त पाणी हवेत सोडतात, त्यांत पोटॅशियमही जास्त साठतं. सौंसर-पांढुर्ण्यात, तसंच पलीकडे काटोल-नरखेडात, बहारासाठी बाग ताणावर सोडतात. झाडाने पाणी जपावं असे ते दिवस, आणि फांदीवर हा नळ चालूच. ताणात फांद्या वाळल्या तर आधी बांडगूळ शोधावं, असं मला वाटतं. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून जातो. नवं रोप तिथेच रुजतं.

अमरवेलीला ना मूळ, ना पान. तिच्या एका जातीचा कोवळा अंकुर टोमॅटोच्या गंधाकडे झुकतो, हे अमेरिकेत २००६ साली प्रयोगाने सिद्ध झालं. गव्हाच्या गंधातलं एक द्रव्य मात्र त्याला नकोसं वाटतं.

इतकं सगळं यजमानाकडून येतं म्हटल्यावर बांडगुळाचे औषधी गुणही त्याच्यावरच अवलंबून असणार. वैदू बांडगूळ कुठल्या झाडावरचं हे विचारून घेतात, ते उगाच नाही. कुचल्यावर वाढलेल्या बांडगुळात कुचल्याचंच स्ट्रिक्नीन हे विष सापडलेलं आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून कुठल्याही झाडावरचा पाला उकळून पिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ज्वारी आणि कपाशी दोन्ही जुनी पिकं. ज्वारीच्या रानात पुढच्या साली पऱ्हाटी घेतली की तिच्या सादेला भुलून टारफुला उगवतो आणि खायला न मिळाल्याने मरतो. साठा एका हंगामात संपत नाही, पण घटतो. उरलेला टारफुला फुलावर येण्याआधी निंदणातच उपटा. बागेत नुसतं बांडगूळ ओरबाडू नका. सालीवरून पसरलेली त्याची मुळं पुन्हा फुटतात. चिकटल्या जागेच्या बरंच खालून फांदीच कापा, आणि तेही फळं पिकण्याआधी.