इंजिनातले तेल कमी झाले तर काय बिघडते?

पेट्रोल संपले की मोटार थांबते. पंपावरून डबाभर पेट्रोल आणून ओतले की पुन्हा चालू लागते. इंजिनाचे सहसा काही बिघडत नाही. मग इंजिनातले ऑईल संपत आल्यावरही गाडी नुसती थांबायला काय हरकत आहे? ती थांबते खरी, पण नंतर कितीही ऑईल ओतले तरी चालू होत नाही. गॅरेजवाला ऐकूनच सांगतो, "इंजिन सीज झालं. खोलावं लागेल." आणि त्या कामाचा खर्च ऐकून मालक खाली बसतो.

दोन्ही द्रवच, एक संपला तर गाडी अडते आणि दुसरा संपला तर इंजिन मरते. असे का?

पाठ्यपुस्तकात 'वंगणामुळे घर्षण कमी होते' असे एक वाक्य असते. ते बरोबर आहे, पण 'कसे' हे त्यात नाही. आणि सगळी गंमत त्या 'कसे' मध्येच आहे.

न टेकणारा दांडा

इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. ही हालचाल कनेक्टिंग रॉडच्या मार्फत क्रँकशाफ्टला मिळते आणि तो गोल फिरतो. कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जिथे जोडलेला असतो तिथे दोन अर्धगोल पत्र्यांचे बेअरिंग असते. त्यात छर्रे नसतात. पोलादी पाठीवर मऊ मिश्रधातूचा थर दिलेला गुळगुळीत पत्रा, एवढेच त्याचे रूप.

दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये जागा किती? साधारण २५ ते ७५ मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाएवढ्या किंवा त्याहूनही अरुंद फटीत तेल भरलेले असते, आणि जास्तीत जास्त भार येतो त्या क्षणी एका बाजूला तेलाचा थर एक-दोन मायक्रॉनच उरतो. तरीही इंजिन नीट चालत असताना धातूला धातू जवळजवळ टेकतच नाही. दांडा तेलावर तरंगत फिरत असतो.

हे प्रथम लक्षात आले ते योगायोगाने. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधील घर्षण मोजत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर पितळी बेअरिंग, अशी त्यांची मांडणी होती. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्यांनी भोक पाडले. पाहतात तो त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच बसवले. तेलाने ते ढकलून दिले. लाकडी खुंटी ठोकली. तीही वर सरकली. शेवटी दाबमापक लावला तर काटा २०० पौंड प्रतिचौरस इंच या खुणेच्या पलीकडे गेला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १४ पट. तेलात दाब निर्माण करणारा पंप तर कुठेच नव्हता!

१८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. भारामुळे दांडा बेअरिंगच्या अगदी मध्यभागी नसतो, एका बाजूला थोडा सरकलेला असतो. त्यामुळे तेलाची फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद, म्हणजे पाचरीसारखी होते. तेल दांड्याच्या पृष्ठभागाला चिकटते आणि त्याच्याबरोबर अरुंद भागाकडे ओढले जाते. जत्रेतली गर्दी निमुळत्या बोळात शिरली की रेटारेटी वाढते, तसा तेथे तेलाचा दाब वाढतो आणि तो दांड्याला उचलून धरतो. आजच्या मोटारीच्या बेअरिंगमध्ये हा दाब शेकडो वातावरणांपर्यंत जातो.

म्हणून इंजिनातला तेलाचा पंप दांड्याला उचलून धरतो, ही समजूत बरोबर नाही. पंपाचा दाब जेमतेम काही वातावरणे असतो. त्याचे काम फट सतत भरलेली ठेवण्याचे. भार तोलण्याचे काम तेलाचा दाटपणा, म्हणजेच श्यानता, आणि दांड्याचा वेग मिळून करतात.

सगळे ठीक आहे, ठीक आहे, आणि अचानक…

लहान मोटारीत साधारण तीन ते चार लिटर ऑईल असते. ते इंजिनाच्या तळाशी, गॅरेजच्या भाषेत 'चेंबर'मध्ये, साठते. पंप चेंबरच्या तळाजवळच्या जाळीतून ते ओढतो आणि गाळणीतून बेअरिंगकडे पाठवतो. काम झालेले तेल ठिबकत पुन्हा चेंबरमध्ये येते.

आता समजा, चार लिटरपैकी एक लिटर कमी झाले. काही वेगळे जाणवते का? नाही. जाळी तेलात बुडालेली आहे तोवर पंपाला तेल मिळत राहते. आवाज तोच, ताकद तीच. इथेच माणूस फसतो. 'तेल पाव भाग कमी, तर नुकसानही पाव भाग' असे सरळ प्रमाण येथे नसते.

तरी आत काही घडत असतेच. चाराऐवजी दोन लिटर तेल उरले तर प्रत्येक थेंबाला दुप्पट फेऱ्या माराव्या लागतात. चेंबरमध्ये थांबून निवायला आणि त्यातले हवेचे बुडबुडे निघून जायला मिळणारा वेळ निम्मा होतो. तेल अधिक तापते, आणि तापले की पातळ होते. नेहमीच्या इंजिन ऑईलची श्यानता ४० अंश सेल्सिअसला जेवढी असते, त्याच्या साधारण सातवा भागच १०० अंशांना उरते. पातळ तेलाचा थरही पातळच असतो.

मग एखाद्या दिवशी गाडी घाट चढू लागते. वळणावर, चढावर किंवा जोराने ब्रेक दाबल्यावर चेंबरमधले तेल एका बाजूला धावते, जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. हवेची श्यानता गरम तेलाच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाएवढीच असते. तरंगणारा दांडा खाली येतो आणि धातू धातूला भिडतो.

थोडे गणित

यातून किती उष्णता निर्माण होत असेल? वर्गात सहज करता येईल असा हिशेब आहे.

समजा, दांड्याचा व्यास ५ सेंटिमीटर आहे आणि तो मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे करतो. त्याचा परीघ सुमारे १६ सेंटिमीटर. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ८ मीटर झाला. बेअरिंगवर सरासरी भार ४००० न्यूटन धरू या.

तेलाचा पूर्ण थर असताना घर्षणांक ०.००२ च्या आसपास असतो. घर्षण बल ८ न्यूटन. त्याला वेगाने गुणले की ६४ वॅट. साठ वॅटचा जुना बल्ब जेवढी ऊर्जा घेतो, जवळपास तेवढीच. वाहते तेल ही उष्णता सहज काढून नेते.

थर तुटून नुसता तेलाचा ओशटपणा उरला तर घर्षणांक ०.१ च्या घरात जातो. घर्षण बल ४०० न्यूटन, आणि उष्णता ३२०० वॅट! स्नानगृहातल्या गीझरपेक्षाही जास्त, आणि तीही बोटभर रुंदीच्या पट्टीवर. तिला काढून नेणारे तेल तर आलेलेच नाही. पूर्ण कोरड्या धातूंचा घर्षणांक याच्याही कित्येक पट असतो.

पुढची साखळी आता आपणच जुळवू शकतो. बेअरिंगचा मऊ थर पुसटतो, वितळू लागतो. फट वाढते. वाढलेल्या फटीतून तेल भराभर गळते, त्यामुळे सगळीकडचा दाब आणखी कमी होतो, म्हणजे शेजारची बेअरिंगेही उपाशी राहू लागतात. कनेक्टिंग रॉड सैल होऊन 'ठक् ठक्' आवाज येतो. पत्रा आपल्या जागेवरून फिरला तर तेल येण्याचे भोकच बंद होते. शेवटी दांडा आणि बेअरिंग एकमेकांना चिकटतात, किंवा रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीला भोक पाडतो.

तिकडे सिलिंडरमध्येही असेच काहीसे चालते. तेलाचे शिंतोडे कमी झाले की पिस्टन तापतो. तो ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो. तेवढ्याच तापमानवाढीला ॲल्युमिनिअम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून बिडाच्या सिलिंडरात पिस्टन फुगतो, भिंतीला ओरखडे पाडतो आणि अडकतो.

दिवा काय सांगतो?

गाडीच्या फलकावर तेलाच्या झारीसारख्या चित्राचा लाल दिवा असतो. पुष्कळ लोक समजतात की तो 'तेल कमी झाले, सवडीने घाला' असे सांगतो. पेट्रोलचा दिवा तसाच असतो, म्हणून हा गैरसमज होतो. पण हा लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. दाब साधारण अर्ध्या वातावरणाइतका किंवा त्याहूनही खाली घसरला की तो लागतो. म्हणजे तो लागेपर्यंत वेळ बहुधा निघून गेलेली असते. (काही नव्या गाड्यांत पातळीसाठी वेगळी, बहुधा पिवळी, खूण असते.)

म्हणून चालत्या गाडीत लाल दिवा लागला, वळणावर नुसता लुकलुकला तरीही, गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायला हवे. 'पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ' हा विचार सर्वांत महाग पडतो. बेअरिंग वाचवायचे असेल तर हातात काही सेकंदच असतात, काही किलोमीटर नव्हे.

त्याआधीची खूण म्हणजे डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी ती काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण घालून काढावी आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहावे. वरच्या खुणेच्या पुढे तेल भरणेही चांगले नाही. क्रँकशाफ्ट त्यात घुसळू लागतो, फेस होतो आणि पंपाला पुन्हा हवाच मिळते. पातळी वारंवार घटत असेल तर तेल गळते आहे किंवा जळते आहे. जळत असेल तर धुराला निळसर रंग येतो.

वर्गात करून पाहा

१. पसरट ताटलीत पाणी घ्या. मधोमध, तळाजवळ टोक येईल अशी स्ट्रॉ धरून पाणी ओढा. ताटली थोडी तिरकी करून पुन्हा ओढा. आता निम्मे पाणी काढून हेच करा. सपाट ताटलीत दोन्ही वेळा पाणी येते. तिरक्या ताटलीत मात्र पाणी कमी असताना हवा येते. किती पाणी उरल्यावर हा बदल होतो, तो एकदम होतो की हळूहळू, हे मुलांना नोंदवायला सांगा.

२. दोन सारख्या परीक्षानळ्यांत थोडी मोकळी जागा सोडून इंजिन ऑईल भरा आणि घट्ट बूच लावा. एक गार पाण्यात, दुसरी गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा. नळी उलटी केल्यावर हवेचा बुडबुडा वर पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन्ही वेळांची तुलना केली की तापलेले तेल किती पातळ होते याचा अंदाज मिळेल.

आणि एक प्रश्न मुलांवर सोपवा: इंजिन सुरू करताना पहिले एक-दोन सेकंद तेलाचा दाब नसतोच, तरी रोज सकाळी इंजिन कसे वाचते? विचार करायला दोन धागे द्या. त्या वेळी वेग आणि भार किती असतो? आणि रात्रभर बेअरिंगमध्ये तेलाचा अंश राहतो की नाही? तिसरा धागा रसायनशास्त्राचा आहे: ऑईलमध्ये जस्त व फॉस्फरस असलेली संयुगे मिसळलेली असतात, ती धातूवर अतिशय पातळ संरक्षक लेप तयार करतात. हा लेप क्षणभराची अडचण निभावून नेतो. घाटभर मात्र नाही.