आधी पाऊल, मग मन

आमच्या गल्लीत एक वहिनी राहतात. जालन्यातले दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, मालक लोखंडाच्या कारखान्यात, मुलगा शिकतो आहे आणि मुलगी परतूर तालुक्यात दिलेली. काही वर्षांपूर्वी वहिनींची आई वारली आणि त्यानंतर त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. कुठे गेल्या नव्हत्या, घरातच होत्या. पण नळावर येणे थांबले, पाणी मुलगा भरू लागला. दुपारी ओट्यावर बसणे थांबले. पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या आधी सतरंजी टाकणारी बाई, ती "पुढच्या वेळी येते" म्हणू लागली. विचारले की सांगायच्या, "काही नाही ताई, अंग मोडून आल्यावानी होतंय. डोकं जड राहतंय. रातच्याला झोप नाही." रक्त तपासून झाले, टॉनिकच्या दोन बाटल्या संपल्या. गुण आला नाही.

आपल्याकडच्या बायका "मी उदास आहे" असे कधी म्हणत नाहीत. त्या म्हणतात करमत नाही, कशात जीव लागत नाही, हातपाय गळाल्यासारखे होतात. मनाचे दुखणे आपल्या घरात अंगाचे दुखणे होऊन बोलते. पुरुष तर तेवढेही बोलत नाहीत. ते संध्याकाळी परस्पर देशी दारूच्या दुकानाकडे वळतात. मन हलके करण्याचा त्याहून महाग उपाय दुसरा नसेल. मजुरी जाते, घरातली शांतता जाते आणि सकाळी मन पहिल्यापेक्षा जड झालेले असते.

या लेखात सांगायच्या त्या गोष्टी बिनपैशाच्या किंवा चार-दोन रुपयांच्या आहेत. पण आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण सगळे समजतो की मन थाऱ्यावर आले की माणूस उठेल, कामाला लागेल, चार माणसांत मिसळेल. म्हणून आपण मन ठीक होण्याची वाट पाहत बसतो. अनुभव उलटा आहे, आणि आता त्याला चांगला पुरावाही मिळाला आहे.

हा पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. तिथे 'संगत' नावाची संस्था मनाच्या आरोग्यावर काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ४९५ स्त्री-पुरुषांना एका चाचणीत घेतले. हे सगळे बऱ्यापैकी तीव्र नैराश्याने ग्रासलेले होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांकडे त्याशिवाय एक समुपदेशक सहा ते आठ वेळा गेला. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेले नव्हते. त्याच भागातली साधी माणसे होती, त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेले होते. त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी एवढेच विचारले की पूर्वी तुम्हाला काय करायला आवडायचे, कोणाकडे जाणे-येणे होते, ते कधीपासून सुटले. मग त्यातले एक लहानसे काम निवडायचे, वार आणि वेळ ठरवायची आणि मन असो वा नसो, तेवढे करायचे. पुढच्या भेटीत पुढचे पाऊल. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांना ही सोबत मिळाली होती त्यांच्यापैकी १०० मागे ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ होते. 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वर्षभरानंतरच्या तपासणीतही फायदा टिकलेला दिसला.

असे का होते, हे समजायला अवघड नाही. जीव लागत नाही म्हणून माणूस एकेक गोष्ट सोडतो. नळ सोडला म्हणजे नळावरच्या गप्पा सुटल्या. ओटा सोडला म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची ओळख सुटली. ज्यातून दिवसात दोन क्षण बरे वाटत होते तेच बंद झाले, मग मन आणखी खचले, मग आणखी काही सुटले. हे चक्र मनाला समजावून थांबत नाही. एखादे सुटलेले काम परत हातात घेतले की ते उलटे फिरू लागते.

आता ही कामे कोणती? सगळ्यांत स्वस्त म्हणजे सकाळचे ऊन. आमच्या वस्तीतल्या कित्येक घरांना एकच खिडकी असते आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडते. दिवसाही बल्ब लावावा लागतो. बाहेरचा उजेड, अगदी ढगाळ दिवशीसुद्धा, घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. सकाळी हा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचे आतले घड्याळ जागेवर येते आणि रात्री वेळेवर झोप लागते. चहाचा कप घेऊन वीस मिनिटे ओट्यावर बसले तरी चालते. मोती तलावाकडे फिरायला जाता आले तर उत्तमच. एप्रिल-मे महिन्यांत मात्र जालन्याचे ऊन लवकर तापते, तेव्हा सातच्या आतच.

इथे कोणी भगिनी मनात म्हणेल, दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला उन्हात फिरायला सांगता काय? बरोबर आहे. तिला फिरायला जा म्हणणे म्हणजे तिची थट्टा. तिला हवी आहे विश्रांती. कामावरून आल्यावर पाठ टेकायला पंधरा मिनिटे, तेवढ्या वेळात चुलीजवळ दुसरे कोणीतरी, आणि जमले तर लेकीने किंवा जावेने डोक्याला तेल लावून देणे. एका वाटीतल्या तेलाने आणि मायेच्या हाताने जे होते ते टॉनिकच्या बाटलीने होत नाही. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी ही ओळ जरा दोनदा वाचावी.

दुसरी गोष्ट गाणे, आणि यावर मी थोडी रेंगाळणार आहे. गोदावरी ओलांडली की पलीकडे बीड जिल्ह्यातले माजलगाव. तिथल्या भीमनगरात १९९६ साली आपल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं या दोघा अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामाचा तो भाग होता. महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून या मंडळींनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. भीमनगरच्या ओव्यांत बाबासाहेब येतात. एकूण संग्रहात माहेर येते, भाऊ येतो, सासरचा जाच येतो. पहाटे जात्याला हात घालणारी बाई आपले सारे दुःख त्या दगडाजवळ ओतत होती, आणि समोर दुसरी बाई खुंटा धरून ऐकत होती. पुढे गिरण्या आल्या. बरेच झाले, ते कष्ट कोणालाही परत नकोत. पण जात्याबरोबर ते ऐकणे आणि गाणेही घरातून गेले, आणि त्याच्या जागी काय आणायचे हे आपण ठरवलेच नाही.

म्हणून गायला हवे. आवाज चांगला असायची गरज नाही. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तरी त्यांची गाणी कित्येक वस्त्यांत लहानथोरांना पाठ आहेत. पण एप्रिलमध्ये जयंतीला भोंग्यावर वाजणारे गाणे आणि पाच बायकांनी बसून म्हटलेले गाणे यांत फरक आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली प्रौढांच्या वर्गांचा अभ्यास मांडला. कोणी गाणे शिकत होते, कोणी हस्तकला, कोणी लेखन. गाणाऱ्यांची आपापसांत मैत्री सगळ्यांत लवकर जमली. आपल्या आज्यांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. आणि गाणेबजावणे म्हणजे रिकामा उद्योग असे कोणाला वाटत असेल तर आठवण करून द्यावीशी वाटते की कामाच्या एवढ्या रगाड्यात बाबासाहेब व्हायोलिनचे धडे घेत होते.

श्वासाचा उपाय आपल्या वाचकांना नवा नाही, आनापान विहारात शिकवतात. एक छोटी जोड देते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोज पाच मिनिटे, महिनाभर, एका पाठोपाठ दोन वेळा नाकाने श्वास आत घेऊन तो तोंडाने सावकाश, लांब सोडणे, एवढेच त्यांनी काही लोकांना करायला सांगितले. त्यांच्या मनःस्थितीत चांगली सुधारणा दिसली. भात शिजेपर्यंत हे होऊन जाते.

बाकीचे थोडक्यात सांगते. झोपताना मोबाइल उशाखाली नको, दुसऱ्या खोलीत ठेवावा. खोली एकच असेल तर फळीवर ठेवावा. बचत गटाच्या बैठकीला हप्ता पोराच्या हाती न पाठवता स्वतः जावे. शेजारच्या मुलीचे पाढे घ्यावेत. जुन्या मैत्रिणीला कारण नसताना फोन करावा. यातले सगळे एकदम करायला गेले तर काहीच होत नाही. एकच निवडावे आणि ते इतके लहान असावे की नाही म्हणायला लाज वाटावी.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'हसत राहा, आनंदी राहा' असे सांगणाऱ्या पुस्तकांचा मला राग येतो. मुकादमाने मजुरी अडवली असेल तर त्यावर उपाय मजुरी हाच आहे, सकाळचे ऊन नव्हे. नवरा मारत असेल तर आनापान करून मार थांबत नाही, तिथे पोलीस आणि माहेर हवे. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात बायकांचे दिवस टँकरची वाट पाहण्यात गेले. त्या रांगेतल्या बाईचे मन खचले तर दोष तिच्या मनाचा नव्हता. पण मी पाहिले आहे, ज्या माणसाला अन्यायाविरुद्ध उभे राहायचे आहे त्यालाच खचलेले मन आधी खाली बसवते. पगाराचा जाब विचारायला जायलासुद्धा सकाळी उठावे लागते.

आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच मन खचलेले असेल, जेवण-झोप गेली असेल, किंवा 'नको हे जगणे' असे मनात येत असेल, तर तो आजार आहे. त्याला घरगुती उपायांवर ठेवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे, जिल्हा रुग्णालयात दाखवावे. २०२२ सालापासून सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. यात लाज कसली? रक्तदाबाच्या गोळ्या आपण सगळ्यांसमोर घेतोच की.

आमच्या वहिनींचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्यांना आम्ही दवाखान्यातही नेले आणि आमच्या परीने दुसरेही केले. समोरच्या घरातल्या आजींनी ठरवले की रोज सकाळी आठ वाजता आपली भाजी निवडायला वहिनींच्याच ओट्यावर बसायचे. "माझ्या डोळ्यांना दिसना गं, तेवढी मेथी निवडून दे," एवढेच त्या म्हणायच्या. पहिल्या दिवशी वहिनी दारातूनच हो म्हणाल्या आणि आत गेल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी उंबऱ्यावर बसल्या. पंधरा दिवस दोघी न बोलता निवडत होत्या. आजी अधूनमधून एखादे जुने गाणे गुणगुणायच्या, वहिनी मान खाली घालून काड्या वेगळ्या करायच्या. महिना-दीड महिना झाला असेल. एक दिवस सकाळी गल्लीत मोठा आवाज ऐकू आला म्हणून मी बाहेर आले. वहिनी रस्त्यात उभ्या राहून भाजीवाल्याशी कडाकडा भांडत होत्या की कालपर्यंत दहाला दोन जुड्या होत्या, आज एक कशी? आजी ओट्यावर बसून ऐकत होत्या. मला पाहून त्यांनी डोळे मिचकावले आणि हातातली मेथी खाली ठेवली.